पियानोतली अस्सल पिल्लं

एका जंगलात वीज होती. म्हणजे यायची आणि जायची, पण होती. आणि त्या जंगलात, पोरांनो, एका सागाखाली एक जुना विजेचा पियानो होता.

जंगलात पियानो कसा, असं विचारू नका. बरं, विचारलंतच, तर सांगते. वरातीत वाजवणारं माकडांचं एक बँडपथक होतं. त्यांना हलका, नवा कीबोर्ड मिळाला, तेव्हा हे धूड ते तिथेच टाकून गेले. पट्टी दाबली की आतली छोटी हातोडी धातूच्या सळईवर आपटायची, आणि विजेच्या जोरावर तो आवाज मोठा होऊन बाहेर यायचा.

बरीच वर्षं तो कुणालाच नको होता. मग कुणीतरी म्हणालं, असे पियानो आता बनत नाहीत. झालं! त्या दिवसापासून तो सगळ्यांना हवा झाला.

लगेच रसिक मंडळ निघालं. अध्यक्ष झाले बापूसाहेब गवा. तज्ज्ञ झाले साळिंदर तात्या. मंडळी पियानोभोवती गोल करून बसायची. झाकणाचा वास घ्यायची. कुठला स्क्रू मूळचा आणि कुठला मागाहून बसवलेला, यावर भांडायची. पियानो वाजवायचा मात्र नाही. वाजवला की झिजतो.

फक्त रविवारी सकाळी बापूसाहेब खुराला मऊ फडकं गुंडाळायचे आणि डावीकडची एकच पट्टी दाबायचे.

"डुम्म."

सगळे डोळे मिटायचे. मग चहा व्हायचा.

"अहो बापूसाहेब, एखादं गाणं वाजवा की," साळुंकी एकदा म्हणाली. "पोरीचं बारसं आहे."

"बाई, हा पियानो आहे," बापूसाहेब दुखावल्या आवाजात म्हणाले. "गाणी ऐकायला रेडिओ असतो."

आता थंडी पडली. आतले भाग गारठू नयेत म्हणून मंडळानं पियानो सारखा चालूच ठेवला. त्यामुळे आत छान ऊब असायची. ही ऊब कळली ठकू उंदरणीला. तिचे दिवस भरत आले होते. तिनं सावरीचा कापूस ओढून नेला, डावीकडच्या सळईखाली घरटं केलं, आणि तिथेच तिला चार पिल्लं झाली.

ठकूला लगेच काळजी लागली. वाद्यात पोरं वाढवावीत का? विजेचा काही परिणाम? कानांचं काय?

"आमची तर बाई साध्या बिळातच वाढली," शेजारची घूस म्हणाली. "काही झालं नाही हो त्यांना. पण तू बघ, तुला योग्य वाटेल तसं."

असं कुणी म्हटलं की आईला झोप लागत नाही. ठकूलाही लागली नाही.

पुढच्या रविवारी बापूसाहेबांनी पट्टी दाबली.

"डुफ्फ." आणि मागोमाग, अगदी बारीक, "चीं."

तात्यांचे काटे उभे राहिले. "बापूसाहेब! हा तर गादीचा सूर! पहिल्या खेपेच्या पियानोंतच असायचा. मी नुसता ऐकून होतो हो!"

बापूसाहेबांना रडू कोसळलं. लांबलांबच्या जंगलांतून रसिक तो सूर ऐकायला येऊ लागले. एक दिवस कुणीतरी म्हणालं, झाकण उघडून तो सूर कुठून येतो ते पाहू या.

ठकूनं ते आतून ऐकलं. पिल्लांचे डोळेही उघडले नव्हते, आणि बाहेर हे असं गारठलेलं. तिला काही सुचायच्या आत झाकण उघडलं. ती पिल्लांवर आडवी पडली.

"पाया पडते, बापूसाहेब! यांचे डोळे उघडेपर्यंत तरी राहू द्या!"

तिच्याकडे कुणी बघितलंच नाही. तात्यांनी एका काट्यानं कापूस चाचपला. मग एकेक पिल्लू चाचपलं. सगळ्यांनी श्वास रोखला.

"ओरिजिनल," तात्या म्हणाले.

टाळ्यांचा कडकडाट झाला. ठकूचा जीव भांड्यात पडला. आणि खोटं कशाला सांगू, जीव नुसता भांड्यात पडून थांबला नाही, थोडा फुगलाही. संध्याकाळी ती मुद्दाम घुशीकडे गेली.

"माझी पोरं वेगळीच आहेत हो," ती म्हणाली. "तज्ज्ञ म्हणाले. मी नाही."

पिल्लांचे डोळे उघडले. अंगावर लव आली, तोंडात दात आले. धाकटा बोंडू फटीतून बाहेर बघत बसायला लागला. मग एका सकाळी ठकूनं चौघांची तोंडं चाटूनपुसून स्वच्छ केली आणि त्यांना घेऊन निघाली. फटीपाशी तात्यांचा काटा आडवा आला.

"कुठे निघालात?"

"ज्वारीच्या शेतात. यांना कुरतडायला शिकवायचंय. दात शिवशिवतात हो."

"मूळ भाग जागचे हलवायचे नाहीत. नियम आहे."

"भाग? अहो तात्या, पोरं आहेत ती माझी!"

"होती," तात्या प्रेमानं म्हणाले. "आता ती रसिकांची आहेत."

मंडळानं फटीला बारीक जाळी ठोकली. ठकूला मात्र झाकण उघडून आत-बाहेर सोडायचे; ठकू काही मूळची नव्हती. वरून बापूसाहेबांनी बजावलं, "आणि यांना फार खायला घालू नका. मूळ मापातच राहिली पाहिजेत."

ठकू रडली. ठकू भांडली. रसिकांनी तिच्या रडण्यालाही दाद दिली.

मग रविवार आला. पाहुणे जमले. बापूसाहेब खुराला फडकं गुंडाळत होते, तेवढ्यात ठकू पियानोवर चढली.

"मंडळी, एक सांगायचं राहिलं. ही पोरं मूळची नाहीत. मागाहून बसवलेली आहेत."

"अशक्य!" तात्या ओरडले.

"अहो, मीच बसवली ना! कापूससुद्धा यंदाच्या सावरीचा आहे. बघा, अजून बी आहे त्यात." ठकूनं जाळीकडे पाठ फिरवली. "अशी पोरं त्या ज्वारीच्या बांधावर ढिगानं मिळतात. हवी तेवढी. काही विशेष नाही यांच्यात. एकातसुद्धा नाही."

जाळीमागे चार पिल्लं आईचं बोलणं ऐकत होती.

पाहुण्यांनी तात्यांकडे बघितलं. तात्यांनी आपल्या काट्याकडे बघितलं.

"मला पहिल्यापासून शंका होतीच," तात्या म्हणाले.

"नकली!" बापूसाहेब गरजले. "आपल्या पियानोत नकली माल! काढा, आधी बाहेर काढा!"

जाळी उपटली गेली. कापूस उडाला. ठकूनं पिल्लांना पुढे घातलं आणि पळत सुटली.

"आई," बोंडू धापा टाकत म्हणाला, "आपण काहीच विशेष नाही?"

"अजिबात नाही. पळ!"

बांध आला. बोंडू थांबला. "खरंच नाही?"

ठकूनं मागे वळून बघितलं. कुणी नव्हतं. तरीही तिनं त्याच्या कानाला तोंड लावलं, आणि अगदी हळू काहीतरी सांगितलं. बोंडूची शेपटी ताठ झाली.

इकडे पुढच्या रविवारी पट्टी पुन्हा स्वच्छ वाजली. "डुम्म." कुणाचेच डोळे मिटले नाहीत. आता मंडळ रानोमाळ हिंडतंय. अस्सल उंदीर शोधतंय. एकदा तात्या बांधापाशीही आले होते, कान लावून. ठकूनं त्यांना लांबूनच पाहिलं आणि साऱ्या शेताला ऐकू जाईल असा आवाज लावला,

"जेवायला या रे, चारचौघांसारख्या मेल्यांनो!"

तात्पर्य: आपलं मूल अगदी सामान्य आहे, असं चारचौघांत ठासून सांगावं. ज्यांना लोक अस्सल म्हणतात त्यांना ते जपून ठेवतात. सामान्यांना जेवायला घरी जाता येतं.

(पियानोबद्दल काही तात्पर्य नाही. तो अजून कुणी वाजवलेलाच नाही.)