अजाबभाऊंच्या गाडीचं पाणी

पहाटेची नमाज पढून मी घरी येतो, तेव्हा आमचे शेजारी अजाबभाऊ आपल्या पिकअपच्या बॉनेटवर तळहात ठेवून डोळे मिटून उभे असतात. लेकराला ताप आहे का बघावं, तसे. एकदा न राहवून मी म्हणालो, "अजाबभाऊ, गाडी रातभर उभी होती. थंड नाही तर काय राहीन?"

"मास्टर, पाहून घ्या लागते. तिले बोलता येत नाई."

मी शिंपी. वरवट बकाल गावात मला मास्टर म्हणतात. आमच्या दोघांच्या घरांमध्ये एक भिंत आहे, तीही खांद्याएवढी, त्यामुळे या माणसाचं सगळं वेड मला रोज फुकटात बघायला मिळतं. बाप्पा, काय वेड आहे! मी सुईच्या नाकातून दोरा ओवताना एवढा श्वास रोखत नाही.

हात ठेवून झाला, की रेडिएटरचं झाकण उघडायचं. मग एक काचेची नळी, वर रबराचा फुगा. फुगा दाबून सोडला की कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं औषधी पाणी, नळीत चढतं, आतली सुई सरकते, आणि कूलंटमध्ये अजून दम किती आहे ते कळतं. मग तेच कूलंट पांढऱ्या वाटीत ओतून उजेडात धरायचं. हिरवंगार पाहिजे. गढूळ नको, गंजाची तांबूस झाक नको, वर तेलाचा तवंग तर नकोच नको. कूलंट विषारी असतं, म्हणून वाटीवर त्यांनी स्वतःच्या हातानं कवटी रंगवली आहे. ती हुबेहूब वांग्यासारखी दिसते. नंतर रबरी पाइप एकेक दाबून बघायचे, टाकी निरखायची, आणि सरळ उभं राहून जाहीर करायचं, "पाणी बरोबर, तं गाडी बरोबर!"

एवढं झाल्याशिवाय ते चहा घेत नाहीत आणि कुणाशी धड बोलत नाहीत. एकदा त्यांचे सख्खे साळे अकोल्याहून पहिल्या गाडीनं आले, तर नळीतली सुई स्थिर होईपर्यंत बिचारे हातात पिशवी घेऊन फाटकात उभे. जावयाचा रुसवा ऐकला होता, साळ्याचा मी त्या दिवशी पाहिला.

आता हे वेड आलं कुठून, तेही सांगतो. आमचा हा खारपाणपट्टा. जमिनीतलं पाणी खारट. चहाच्या भांड्याला आठवड्यात पांढरी खपली धरते. अजाबभाऊ आधी माझ्यासारखेच बेफिकीर होते, बोअरचं पाणी बादलीनं गाडीत ओतायचे. एका उन्हाळ्यात इंजिन तापून बसलं. मेस्त्रीनं रेडिएटर फोडून दाखवला, तर आतल्या सगळ्या नळ्या पांढऱ्या खपलीनं बुजलेल्या. आणि त्याच वर्षी त्यांच्या बायकोचे, आमच्या कांतावैनींचे, पाय सुजले, तपासण्या झाल्या, दोन्ही किडन्या गेल्याचं कळलं. डॉक्टर म्हणाले, कारणं बरीच असतात. अजाबभाऊंच्या लेखी एकच.

तो जुना रेडिएटर त्यांनी भंगारात दिला नाही. अंगणात खिळ्याला टांगून ठेवला आहे. आल्यागेल्याला दाखवतात. "पाहा. हे लोखंडाचं असं झालं. माणसाचं काय होत असीन?" तेव्हापासून त्यांच्या गाडीत डिस्टिल वॉटर आणि कूलंट निम्मंनिम्मं, आणि घरात फिल्टरच्या पाण्याचे कॅन. माझ्याकडे चहाला आले तरी आधी विचारतात, "पाणी कोणतं हाय?" मी एकदा चिडून म्हणालो, "गटाराचं!" तर खरंच उठून गेले.

मंगळवारी आणि शुक्रवारी वैनींची खामगावला डायलिसिसची पाळी. ती चुकवून चालत नाही. एक पाळी चुकली, की अंगात पाणी साचतं, धाप लागते, जिवाशी गाठ पडते. एस्टीचा भरवसा नाही. म्हणजे सगळा भार या गाडीवर. गाडी घरातनं निघाली की खामगावातच थांबली पाहिजे, वाटेत नाही. आणि मी शपथेवर सांगतो, इतक्या वर्षांत ही गाडी एकदाही तापून बसली नाही. वैशाखात इथं डांबर चपलेला चिकटतं, नवीकोरी गाडी रस्त्याकडेला वाफा सोडत उभी दिसते, आणि अजाबभाऊंची जुनी पिकअप टुकूटुकू निघून जाते. मी तर हात टेकले.

माझ्या भाच्याच्या निकाहच्या दिवशीची गोष्ट. नवरदेवाची गाडी वेशीजवळच तापली. ड्रायव्हर हातात दस्ती गुंडाळून झाकण उघडायला गेला, तेवढ्यात अजाबभाऊ गर्दीतून धावत आले आणि त्याचं मनगटच पकडलं.

"झाकण उघडू नोको बे! थोबाड भाजून घेतं का?"

"चाचा, टाइम नाही आहे!"

"गरम इंजिनाचं झाकण अन् गरम डोक्याच्या माणसाचं तोंड, दोन्ही उघडू नाई. बस खाली."

नवरदेव शेरवानीत निथळतोय, काझीसाहेबांचे फोनवर फोन, माझे बहनोई, नवरदेवाचे वडील, दात-ओठ खातायत, आणि हे बाभळीखाली मांडी घालून बसलेले. इंजिन पुरतं निवल्यावर उठले, आपल्या कॅनमधलं कूलंट ओतलं, म्हणाले, "आता जा, अन् 'कबूल' म्हना." माझे बहनोई अजून त्यांचं नाव काढत नाहीत. गाडी मात्र पोचली.

गेल्या वैशाखात मला अस्तराचं कापड आणायला खामगावला जायचं होतं. दिवस शुक्रवारचा. म्हटलं, अजाबभाऊंची गाडी जातेच आहे. कॅबिनमध्ये खिडकीशी वैनी, मधे मी. ऊन सकाळीच असं, की जीभ टाळूला चिकटली. गाडी सुरू व्हायच्या आधी मी पिशवीतली बाटली काढली आणि घटाघटा प्यायलो.

अजाबभाऊंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी बाटलीत बोअरचं पाणीच भरून आणलं होतं.

"मास्टर, मांगं बसा."

"काऊन? जागा आहे की इथं."

"मांगं बसा म्हन्लं नं."

माझं डोकंच फिरलं. एवढ्या वर्षांचा शेजार, आणि हा मनुष्य मला कांद्याच्या पोत्यांवर बसवतो! तणतणत उतरलो, मागे ताडपत्रीखाली जाऊन बसलो, आणि मनातल्या मनात ठरवलं, यांच्या लेंग्याची नाडी यापुढे मी शिवून देणार नाही.

अर्ध्या वाटेवर कॅबिनच्या मागच्या खिडकीतून वैनींचा आवाज आला.

"अवं, कायतरी जळल्यावानी वास येऊन राह्यला. पाहा बरं जरा."

गाडी लगेच एका निंबाखाली थांबली. अजाबभाऊ उतरले, बॉनेट उभं केलं. मला काही वास आला नव्हता. मला गंमत वाटली, की हाच मनुष्य गरम झाकणाला हात लावू देत नाही, मग आता काय बघतोय? टाकीतली पातळी तर नुसती बाहेरून दिसते, एक नजर पुरे. पाच मिनिटं झाली तरी हे आपले बॉनेटच्या आतच. मी उतरून पुढे गेलो.

उभ्या बॉनेटच्या आड, वैनींना दिसणार नाही असे वाकून, अजाबभाऊ पाणी पीत होते. बाटली तोंडाला लावलेली, गळ्याची घाटी वरखाली होतेय, आणि आवाज होऊ नये म्हणून एकेक घोट जपून. मला पाहून थबकले. बोट ओठांवर ठेवलं. मिशी फडक्यानं कोरडी केली. वैनींच्या पाण्यावर डॉक्टरांचं बंधन आहे. दिवसभराला एक लहान तांब्या, त्यातच औषधाच्या गोळ्याही.

"तिच्यासमोर पेवत नाई मी," ते हळूच म्हणाले. "घरीबी नाई."

मी रोजे ठेवणारा माणूस. तहान काय असते, ते मला कुणी शिकवू नये. पण माझी तहान संध्याकाळी मगरिबच्या अजानला सुटते. वैनींची सुटतच नाही. आणि मी त्यांच्या मांडीला मांडी लावून घटाघटा बाटली रिकामी केली होती. मला लाज वाटली आणि या माणसापुढं वाकावंसं वाटलं, दोन्ही एकदमच.

अजाबभाऊंनी बॉनेट धाडकन लावलं, मोठ्यानं ओरडले, "पाणी बरोबर हाये!" आणि मागच्या चाकात अडकलेला दगड काढायला गेले. वैनी खिडकीशी, डोक्यावर पदर, डोळे मिटलेले. मला वाटलं झोपल्या. तर डोळे न उघडताच म्हणाल्या,

"मास्टर, पेले का ते? पोटभर?"

मी म्हटलं, "हो वैनी."

"बरं झालं. सकायपासून कोरडेच होते." मग थोडं हसल्या. "वासगिस काई नोता आला मले. मी म्हन्ल्याबिगर थांबत नाईत ना. अन् त्याईले सांगू नोका, बरं का. त्याईले वाटते, मले समजत नाई."

अजाबभाऊ आले, बसले, चावी फिरवली. मी आपण होऊन मागे कांद्यावर जाऊन बसलो.

खामगावात वैनींची पाळी झाली, माझं अस्तर घेऊन झालं. परत निघालो तेव्हा दुपार तापली होती. डायलिसिस झालं की अंगात त्राण उरत नाही. वैनी खिडकीला डोकं टेकून झोपल्या होत्या. शेगाव मागे पडलं. मी मागेच बसलो होतो, कॅबिनच्या खिडकीतून बघत. अजाबभाऊ समोर बघत गाडी चालवत होते. मधूनच ओठांवरून जीभ फिरवत होते. वैनी झोपेत होत्या, बाटली सीटखाली होती, पण हात काही तिकडे जात नव्हता.

तो निंब दिसायला लागला. गाडीचा वेग कमी होईना.

मी उठलो, कॅबिनच्या टपावर थाप मारली आणि ओरडलो, "अजाबभाऊ, वास येऊन राह्यला! पाहा बरं जरा!"

आरशातून त्यांनी माझ्याकडे क्षणभर पाहिलं. मग गाडी निंबाखाली घेतली, खाली उतरले आणि बॉनेट उघडलं.