सव्वा इंच जास्तीचा टायर

मथुराबाईनं सांगितलं ते कोणी खरं मानलं नाही. पहिल्या दिवशी मानलं नाही, आणि खरं ठरलं त्या दिवशी तर सगळे तिच्याकडे असे बघत होते, जसं काही तिनंच मापात खोट केली. चौथी शिकलेल्या बाईचं असंच असतं. ब्लाऊज बिघडला तर तिची चूक, आणि मोटार बिघडली तर तिनं त्यात बोलायचं काही कारण नाही.

गोष्ट टायरची आहे. तिचा मोठा भाऊ मारोतराव तिकडे फुलसावंगीला खाटेवर पडून होता. तीस वर्षं एसटी चालवलेला माणूस, पण आता छातीत हवा पुरत नव्हती. यवतमाळच्या डॉक्टरनं घरी पाठवताना सांगितलं, की यांना जे आवडते ते खाऊ द्या. (हे वाक्य डॉक्टर लोक केव्हा बोलतात ते सगळ्यांना समजतं.) मारोतरावाला खायचं काहीच नव्हतं. त्याला लेकाच्या गाडीत बसायचं होतं. राजदीपनं, म्हणजे त्याच्या एकुलत्या एक लेकानं, पुण्यात कोण्या साहेबाची वापरलेली स्पोर्ट्स कार घेतली होती. तिचं स्टेअरिंग एकदा हातात घेतो, मग काय व्हायचं ते होऊ दे, एवढाच म्हाताऱ्याचा धोशा होता.

म्हणून राजदीप गाडी घेऊन निघाला. वाटेत नेरला आत्याला घ्यायचं आणि दोघांनी फुलसावंगी गाठायची. दोघांनीच, कारण त्या गाडीत जागाच दोन. मथुराबाईनं ती गाडी पाहिली आणि तिला वाटलं, वरून कोणी बसलं की काय हिच्यावर. बेडकासारखी चिपकलेली, जमिनीपासून चार बोटं वर, आणि आली ती पण दुसऱ्याच्या ट्रकवर चढून. नेरच्या अलीकडच्या खड्ड्यात मागचा टायर कुशीतून फाटला होता.

गाडी प्रेमसिंगच्या दुकानासमोर उतरवली. रस्त्याच्या एका अंगाला प्रेमसिंगचं टायरचं दुकान, दुसऱ्या अंगाला मथुराबाईचं शिलाई मशीन. वीस वर्षांपासून दोघं एकमेकांची गिऱ्हाइकं मोजतात. प्रेमसिंग ट्रॅक्टरचे टायर काढतो, बंडीचे काढतो, पण असली गाडी त्यानं टीव्हीतच पाहिली होती. हात मागं बांधून तो तिच्याभोवती तीन फेऱ्या मारून आला, नवरी बघायला आलेल्या सोयऱ्यासारखा. मग म्हणाला, स्टेपनी काढा. राजदीप म्हणाला, या गाडीत स्टेपनी नसते, ही बाटली असते, टायरमध्ये फेस भरायची. प्रेमसिंगनं बाटली उलटीसुलटी केली, फाटलेल्या टायरमधून स्वतःचा पूर्ण हात आरपार काढून दाखवला, आणि बाटली परत दिली.

मागचा दुसराही टायर घासून सपाट झाला होता, आतली तार दिसत होती. म्हणजे दोन पाहिजेत. ते नागपूरहूनच येणार. कोणते मागवायचे यावर दोघांनी अर्धा दिवस घातला. राजदीप मोबाईलवर एकेक टायर दाखवत होता. एक शर्यतीचा, रस्त्याला चिकटणारा. एक पावसात न घसरणारा. एक आवाज न करणारा. प्रेमसिंगनं सगळे नीट पाहिले आणि विचारलं, यातला खड्ड्याचा कोणता. खड्ड्याचा कोणताच नव्हता. शेवटी आवाज न करणारा ठरला, कारण बाबांना गाडीत बोलावंसं वाटलं तर ऐकू आलं पाहिजे. मारोतरावाचा आवाज आता कान तोंडाशी नेल्याशिवाय समजत नव्हता. (हे ऐकून मथुराबाईनं मशीन थांबवलं आणि उगाच सुईत दोरा ओवत बसली. दोरा आधीच ओवलेला होता.)

मग राजदीपनं बाबांना फोन लावला. टायरचं विचारायचं आणि बाबांना विचारायचं नाही, हे त्या घरात होत नव्हतं. स्पीकरवर टाकलेल्या फोनमधून आधी नुसता श्वास आला, मग हुकूम आला.

"नवे पुढं टाक. पुढचे काढून मांगं. मांगचा फुटला तं कंडक्टर वरडते, पुढचा फुटला तं ड्रायव्हर मरते."

एसटीत हाच कायदा. प्रेमसिंगनं मान हलवली, राजदीपनं मान हलवली. ज्या कायद्यानं तीस वर्षं गाडी कुठं आदळली नाही त्याला नाही कोण म्हणणार.

मथुराबाई गळ्यातली टेप घेऊन रस्ता ओलांडून आली. कोणाला काही न विचारता तिनं पुढच्या टायरवर टेप आडवी धरली, मग मागच्या टायरवर धरली. मागचा टायर सव्वा इंच जास्त रुंद. बाईनं उकिडवं बसून दोनदा मापलं. माप घेण्यात तिचा हात चुकत नाही; नेरमधल्या अर्ध्या बायांच्या दंडाचा घेर तिला झोपेत विचारा.

"पुढचे मांगं नाही बसत," ती म्हणाली. "मांगचा सव्वा इंच मोठा आहे."

प्रेमसिंग हसला. "बाई, मांगचं चाक मोठं असायले ट्रॅक्टर नोहे हे. अन् ब्लाऊजही नोहे."

राजदीपही हसला. आत्या, हवा कमी असली की टायर पसरतो, त्यानं तिला समजावून सांगितलं, जसं बालवाडीतल्या पोराला सांगतात.

मथुराबाई उठली. टेप गुंडाळली. एकदा सांगितलं, आता दुसऱ्यांदा सांगायला ती काय रेडिओ आहे. ती मशीनवर जाऊन बसली आणि पायडल असं मारायला लागली की एका पोलक्याची बाही उलटी शिवून झाली.

आता इथंच बोलायला पाहिजे होतं. कारण राजदीपनं नागपूरच्या दुकानदाराला फोन लावला, गाडीचं नाव सांगितलं, तर त्या भल्या माणसानं विचारलं, पुढचे पाहिजेत की मागचे. फोन स्पीकरवर होता, रस्त्याच्या या बाजूला ऐकू येत होता. दोन्ही सारखे असते तर त्यानं विचारलं कायले असतं? तिच्या जिभेवर आलं होतं. पण राजदीप तोऱ्यात म्हणाला, "पुढचे द्या," आणि मथुराबाईनं जीभ दातात धरली. येऊ दे, म्हणाली मनात. येऊ दे टायर, मग पाहू ब्लाऊज कोणाचा फाटतो.

टायर दोन दिवसांनी येणार होते. सकाळी मारोतरावाचा फोन आला, निघाले का. दाढी करून ठेवली म्हणाला. दुसऱ्या सकाळी आला, निघाले का. शेजाऱ्याकडून इस्त्री करून घेतली म्हणाला, कशाला ते सांगितलं नाही, सांगण्याइतका दम नव्हता. मथुराबाई दोन्ही वेळा म्हणाली, टायर येऊन राह्यले दादा. फोन ठेवला की ती सांगायला म्हणून उठायची, समोर प्रेमसिंग दिसला की परत मशीनवर बसायची. अशी दोन दिवस उठबस चालली. माणसाला गर्व हा जेवणासारखा लागतो, पण जेवणासारखा पचत नाही.

टायर आले. पुढचे काढले, मागच्या रिमवर चढवायला घेतले. हवा भरली की एका बाजूनं फुस्स. साबणाचं पाणी लावलं, फुस्स. प्रेमसिंगनं दोरी आवळली, राजदीप टायरवर चढून उभा राहिला, तरी फुस्स. मग प्रेमसिंगनं घण घेतला. ट्रॅक्टरच्या लोखंडी रिमवर तो घण वीस वर्षं चालला होता. या रिमवर तिसऱ्या घावाला चालला नाही. रिमचा टवका उडाला आणि चीर आतपर्यंत गेली.

मथुराबाईनं शिवण खाली ठेवली. "सव्वा इंच," ती तिथूनच म्हणाली.

तिला वाटलं होतं या शब्दानं गार वाटेल. काही वाटलं नाही. राजदीप त्या रिमपाशी बसला होता आणि बाबांचा फोन वाजत होता, आणि तो उचलत नव्हता.

शेवटी प्रेमसिंगच्या मालाच्या पिकअपमध्ये तिघं बसून निघाले. मथुराबाई मधात, गिअरचा दांडा गुडघ्याला लागत होता. वाटेत सगळ्यांनी आळीपाळीनं दोष देऊन पाहिला. प्रेमसिंगनं कंपनीला दिला, राजदीपनं खड्ड्याला दिला, मग दोघांनी मिळून नागपूरच्या दुकानदाराला दिला, ज्यानं यांनी मागितलेलेच टायर पाठवले होते. मथुराबाई म्हणाली, मी सांगतलं होतं. कोणी ऐकलं नाही.

मारोतराव अंगणात खुर्चीवर बसलेला होता. अंगात खाकी शर्ट, कडक इस्त्रीचा, आत माणूस कमी आणि शर्ट जास्त. त्यानं पिकअप पाहिली. गाडी कुठं आहे असं विचारलं नाही. हातानंच दाखवलं, स्टेअरिंगवर बसवा. दोघांनी उचलून बसवला. उचलायला एकही पुरला असता. त्यानं दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवले, आरशाची दिशा ठीक केली, आणि बराच वेळ समोरच्या भिंतीकडे बघत राहिला.

मग म्हणाला, रिपोर्ट लिहा. एसटीची सवय. गाडी बंद पडली की डेपोत रिपोर्ट, त्याशिवाय ड्रायव्हर घरी जात नाही. राजदीपनं औषधाच्या कागदाची पाठ काढली. गाडी कोणती, कुठं बंद पडली, काय मोडलं, सगळं लिहून झालं. प्रेमसिंगची साक्ष झाली. मारोतराव मधून मधून दम घ्यायला थांबत होता, तेव्हा सगळेच थांबत होते.

"माप कोणं घेतलं?"

"मी," मथुराबाई म्हणाली. चार दिवसांत पहिल्यांदा कोणी विचारलं होतं. "सव्वा इंचाचा फरक होता दादा. मी सांगतलं बी. कोणी खरं नाही मानलं."

"किती खेपा सांगतलं?"

"एक."

"मंग?"

"मंग मी चूप बसली."

मारोतरावानं मान वळवून तिच्याकडे पाहिलं. "जन्मभर तू कोण्या गोष्टीत चूप नाही बसली, मथुरे. माह्या लग्नात आचाऱ्यासंगं भांडली. डॉक्टरसंगं भांडली. अन् माह्या गाडीच्याच खेपेला चूप बसली."

नवे पुढं टाक हा हुकूम कोणाचा होता, हे मथुराबाईच्या अगदी ओठावर आलं. मग तिनं स्टेअरिंगवरचे ते हात पाहिले, काड्यांसारखे, घड्याळातल्या दहा आणि दोनवर नीट ठेवलेले. आणि ती दुसऱ्यांदा चूप बसली.

राहिला होता शेवटचा रकाना. जबाबदार कोण. राजदीपचा पेन कागदावर थांबला, त्यानं आधी बापाकडे पाहिलं, मग आत्याकडे.

"लिही बाबू," तीच म्हणाली. "पूर्ण नाव लिही, अर्धं नको. मथुराबाई नगराळे."