यशवंतराव बँडमास्तरांची धून अखंड वाजली, त्याचे साद्यंत वर्तमान

श्रीगणेश, श्रीशारदा आणि ग्रामदैवत यांस दंडवत घालून, शके एकोणीसशे तेराचे माघमासी बाजारहत्नूर मुक्कामी जो संगीतसंग्राम जाहला, त्यात कोण मातब्बर कैसे लढले आणि अखेर फत्ते कोणाची जाहली, हे जैसे डोळां देखिले तैसे लिहितो. कोणाची भीड धरिली नाही. ज्यांस झोंबेल त्यांनी खुशाल झोंबवून घ्यावे.

यशवंतराव बँडमास्तर हे या परगण्यातील सुरांचे एकटे धनी. निर्मलपासून बेल्लमपल्लीच्या खाणीपावेतो वरात निघावी ती मास्तरांच्या वाजंत्र्यावर, भजनी मंडळास चाल हवी ती मास्तरांपाशी, दंडारीचे सोंग नाचावे ते मास्तरांच्या ठेक्यावर, आणि निवडणुकीत एकमेकांचे गळे धरणारे दोन्ही पक्ष जीपगाडीस भोंगे बांधून ओरडत फिरत, तेही मास्तरांनीच बांधलेल्या चालींवर. कोणते वाद्य कोठे उठावे आणि कोठे निजावे, हे बसवावे तर त्यांनीच. ऐसे असता भरज्वानीत त्यांनी क्लॅरनेट, ट्रंपेट, पेटी आणि ढोलक यांची एक धून बांधिली होती, ती आजतागायत कोणी शेवटास जाऊ दिली नव्हती. वरातीत मांडावी तो नवरदेवाचे दोस्त नागीणनाचाची फर्माईश करीत, भजनात मांडावी तो चहा येई, शाळेच्या गणपतीत मांडावी तो बिजली जाई. आता मास्तर थकले होते, फुंक मारावयास डाक्तराने मनाई फर्माविली होती, आणि मरणाआधी आपली धून एकदा पुरती कानी पडावी, इतकीच त्यांची इच्छा उरली होती.

हे वर्तमान मंडलाध्यक्ष उद्धवराव यांचे कानी गेले आणि मास्तरांचा भव्य गौरवसमारंभ करावा ऐसा मनसुबा त्यांनी केला. निवडणूक तोंडावर होती हे वेगळे सांगणे नलगे. मग कापसाचे बडे अडते चंपतराव यांसही मास्तरांचा एकाएकी उमाळा दाटून आला, कारण त्यांचाही डोळा त्याच खुर्चीवर. उभयतांनी मिळून शाळेच्या पटांगणात मंडप ठोकिला आणि मागे पडदा लाविला. त्यावर उद्धवरावांची तसबीर थोर, चंपतरावांची तितकीच थोर, आणि ज्यांचा गौरव ते मास्तर खाली कोपऱ्यात, जेथे पडद्यास चुणी पडत होती तेथे.

सायंकाळी मास्तरांचा पट्टशिष्य मारोती क्लॅरनेटवाला हरोळीस, म्हणजे आघाडीस, राहून धून सुरू करिता जाहला. सूर उभा राहतो न राहतो तोच चंपतराव आपल्या फौजेनिशी मंडपात दाखल जाहले. मग निवेदक सुधाकरराव गुरुजी यांनी हात करून धून थांबविली आणि चंपतरावांस हार, शाल आणि नारळ अर्पण केला. धून पुन्हा पहिल्यापासून मांडिली, तो व्यासपीठावर आधीच स्थानापन्न असलेल्या उद्धवरावांनी पाहिले की चंपतरावांचा हार आपल्या हारापेक्षा जाड आहे. म्हणोन ते उठोन मंडपाबाहेर गेले आणि वाजतगाजत पुनश्च आत आले, आणि धून पुनश्च मोडिली. मग चंपतराव बाहेर गेले. ऐशा चढायांवर चढाया होता होता उभयतांचे व्याही, साडू आणि नावगाव ठाऊक नसलेले बाजारबुणगेही शाल पांघरून मिरवू लागले, आणि शाली सरल्या. तेव्हा मास्तरांच्याच खांद्यावरील शाल हळूच काढून ती चंपतरावांच्या साडूस पांघरविली! माघाची थंडी, आणि उत्सवमूर्ती नुसत्या सदऱ्यावर कुडकुडते. लाज विकून खाल्लेली माणसे पुष्कळ पाहिली, परंतु ऐसी नाही पाहिली.

मारोतीने क्लॅरनेट मांडीवर टाकिली. मास्तर त्यास इतकेच बोलिले, "जाऊ दे बापू. आपली धून अशीच हाय." आणि त्यांचे डोळे भरून आले.

हे मास्तरांचे कुटुंब कुसुमबाई बायकांच्या बैठकीतून पाहत होत्या. त्या तडक व्यासपीठावर आल्या. "अवो, काऊन रडून राह्यले तुमी? थांबा," ऐसे मास्तरांस दटावून त्यांनी शारदेच्या तसबिरीपुढील ताट उचलिले, निरांजन पेटविले, आणि गुरुजींस फर्मान सोडिले: "गुरुजी, आता आरती हाय. साऱ्यायले उभं राहा म्हना. आन् आरती मंधात मोडली त देवी काय करंल, ते तुमी पाहा!" मग मारोतीकडे मान हलविली.

आरतीत बसू नये, बोलू नये, हारतुरा घेऊ नये आणि निरांजन फिरते तोवर जागा सोडू नये, हा दस्तूर मोडण्याची छाती कोणात? अवघा मंडप उभा ठाकला. नव्या स्वारीस बाहेर निघालेले उद्धवराव एक पाय चपलेत आणि एक पाय मातीत, ऐसे दाराशीच हात जोडून अडकले. ताट जरा कलले की बाई आपल्यालाच ओवाळतात ऐसे चंपतरावांस वाटे, आणि ते मान आणखी ताठ करीत. मूर्खांस भक्त करावयास एक वात पुरते! आणि क्लॅरनेट उठली, ट्रंपेट तिजमागोमाग आला, पेटीने दोघांस सावरिले, ढोलक निजले आणि योग्य जागी जागे जाहले, आणि धून शेवटास गेली.

मास्तर डोळे मिटून उभे होते. सर्वांस वाटले, आता म्हातारा रडतो किंवा पाया पडतो. त्यांनी डोळे उघडिले आणि शिष्यास हुकूम केला:

"मारोती, दुसऱ्या कडव्यात घाई केली तू. पुना घे, पैल्यापासून."

कुसुमबाईंनी निरांजनात तूप घातले, आणि उद्धवराव व चंपतराव हे दोन्ही सरदार हात जोडून जागच्या जागी उभे राहिले.

येणेप्रमाणे मास्तरांची धून त्या सायंकाळी दोन वेळा अखंड वाजली, दुसऱ्या खेपेस निर्दोष वाजली, आणि कुसुमबाई ताट खाली ठेवीपावेतो एकही मातब्बर हालला नाही, हे दफ्तरी नमूद केले असे.