ठकूबाई सायाळ आणि तिचे मदतनीस

बसा रे पोरांनो, नीट मांडी घालून. मला आता मांडी घालता येत नाही, म्हणून मी पाय पसरते. तुम्ही माझं बघून शिकू नका.

तर एका जंगलात, टेकडीच्या पोटातल्या बिळात, ठकूबाई नावाची म्हातारी सायाळ राहायची. अंगावरचे काटे बोथट झालेले, जिभेवरचे मात्र तसेच. तिचा मुलगा म्हादू नदीपलीकडच्या नव्या जंगलात गेला होता. तिथं म्हणे बिळं एकावर एक असतात आणि झऱ्यावर कोणाला जावंच लागत नाही.

ठकूबाईकडं कोणी यायचं नाही, जायचं नाही. मग झाडायचं कोणासाठी, चूल पेटवायची कोणासाठी? दुपारपर्यंत ती पडूनच असायची. गुडघे आखडले. एक दिवस झऱ्याच्या वाटेवर धडपडली.

म्हादूचा निरोप आला. "आई, पुनवेला रेडा घेऊन येतो. झऱ्यापर्यंत स्वतःच्या पायांनी जाऊन आलीस, तर राहा तिथं. नाहीतर गुपचूप रेड्यावर बसायचं."

ठकूबाईला ते बीळ सोडायचं नव्हतं. नवरी होऊन ती तिथंच आली होती. डोळे मिटूनही कुठला कंद कुठं आहे, ते तिच्या नाकाला ठाऊक होतं.

जंगलात एक आजी-आजोबा सोबत मंडळ होतं. ते धावून आलं. भिकोबा ससा पाणी भरणार. यमुना शेकरू झाडलोट करणार. केशव मुंगूस गुडघ्यांचा व्यायाम घेणार. त्याच्या गळ्यात शिट्टीही होती.

"आजी, तुम्ही आता फक्त बसून राहायचं," यमुना म्हणाली.

"बसते की."

पण बसते कसली. दुसऱ्या दिवशी उजाडताच तिच्या मनात आलं, यमुना झाडायला येणार आणि घर हे असं? काय म्हणेल ती? उठली आणि सगळं बीळ झाडून काढलं. वर अंगणही सारवलं.

मग आठवलं, भिकोबा पाणी आणून दमेल. त्याला घोटभर गवती चहा नको द्यायला? चहाला तर पाणी नव्हतं. कण्हत कण्हत झऱ्यावर गेली, हंडा भरून आणला.

भिकोबा आला. चहा प्याला. हंडा उचलायला गेला, तर भरलेला.

"आजी, हे पाणी कोणी आणलं?"

"असू दे रे. तू बस. कान बघ कसे लोंबलेत तुझे, दमून."

केशवनं शिट्टी फुंकली. "आजी, उजवा पाय वर."

"करते बाबा. आधी तुला कंद भाजून देते. उपाशीपोटी शिट्टी वाजवू नये, पोटात वारा धरतो." आणि चांगले कंद तर टेकडीच्या पलीकडं.

असं रोज चाललं. चहाची कीर्ती पसरली, तसे मदतनीस आपल्या मित्रांनाही मदतीला आणू लागले. रात्री ठकूबाई गुडघ्यांना तेल चोळत म्हणायची, "या मदतीनं माझा जीव जायचा." पण येऊ नका म्हणायचं कसं? चहा द्यायचं जिवावर आलं म्हातारीच्या, असं म्हटलं असतं ना सगळ्यांनी.

पुनवेच्या सकाळी म्हादू रेडा घेऊन दारात हजर. बघतो तर तिघं अंगणात पाय पसरून चहा पितायत.

"आई कुठाय?"

"झऱ्यावर गेल्यात," भिकोबा म्हणाला. "चौथ्यांदा."

"आणि तुम्ही कोण?"

"आम्ही त्यांची सेवा करतो," केशव मिशीवरचा चहा पुसत म्हणाला.

तेवढ्यात कमरेवर हंडा घेऊन ठकूबाई टेकडी चढून आली. झपझप. म्हादू बघतच राहिला.

"आई, तुझे गुडघे?"

"आहेत तिथंच. आलायस तर बस. आणि त्या रेड्याला विचार, मध किती घालू."

रेडा चहा पिऊन रिकाम्या पाठीनं परत गेला. म्हादू तेवढा राहिला दोन दिवस. पुढं तो दर पुनवेला बायकापोरांना घेऊन यायला लागला. नव्या जंगलात बसून बसून त्याचेही गुडघे कुरकुरत होते. शेवटी त्यानं आईच्या शेजारीच बीळ खणलं आणि सगळं घर सुखानं एका अंगणात नांदू लागलं.

तात्पर्य : म्हातारपण आपल्याच घरात काढायचं असेल, तर मदतीला माणसं जरूर बोलवावीत, फक्त त्यांना कशालाही हात लावू देऊ नये. उठा आता. आपल्या गावच्या मंडळातली वासंती माझे पाय चेपायला येईल एवढ्यात, आणि माझं अंगण अजून झाडायचंय.