अण्णांचा आवाज, तीन प्रती

"या घरातली एकही गोष्ट आता हरवणार नाही!" रविवारी सकाळी चहा पिता पिता त्याने जाहीर केलं. घरात त्याला सगळे 'सावधान' म्हणत. कुलूप लावलं की तीनदा ओढून बघणारा माणूस!

पण या वेळी जपायची चीजच तशी होती. अण्णांच्या, म्हणजे त्याच्या वडिलांच्या, घशात गाठ निघाली होती. डॉक्टर म्हणाले, जीव वाचेल, आवाज जाईल. मग ऑपरेशनच्या आधी आठ दिवस अण्णा सावधानच्या फोनसमोर बसून बोलले. लहानपणच्या खोड्या, आईच्या आठवणी, नातीसाठी अंगाई, शिवाय व्याह्यांबद्दलची खरी मतं! आता सहा महिने झाले, अण्णा वहीत लिहून बोलत होते.

ते आठ दिवस दोन डिस्कांवर ठेवलेले होते. सावधानने तिसरी आणली, मोठी, कोरी करकरीत. तिन्ही संगणकाला जोडल्या.

"एक तरी कपाटात राहू दे," बायको म्हणाली.

"अगं, तिन्ही एकसारख्या करायच्यात! दोन मेल्या तरी एक उरते. शास्त्र आहे ते!"

संगणकाने विचारलं, मूळ डिस्क कोणती? सावधानने ऐटीत बोट दाबलं, ते नेमकं नव्या डिस्कवर. संगणकाने विचारलं, नक्की? असल्या प्रश्नांना लग्नापासून तो न वाचताच 'हो' म्हणत आला होता. पाच मिनिटांत तिन्ही एकसारख्या झाल्या. घासून पालथ्या घातलेल्या पातेल्यांसारख्या!

त्याने एकेक डिस्क उघडून पाहिली. तिन्ही कोऱ्या.

"फोनमध्ये असेल की," बायको म्हणाली.

"जागा अडते म्हणून मीच पुसलं."

संध्याकाळी बहीण यायची होती, अण्णांचा आवाज ऐकायला. डिस्क रिकाम्या दिसू नयेत म्हणून या शहाण्याने त्यांत हाताला लागेल ते कोंबलं: ऑफिसचे कागद, सिनेमे, सहलीचे चार हजार फोटो. बहिणीला सांगितलं, वायर बिघडलीय.

सोमवारी दुरुस्तीवाल्याने डिस्क तपासून चष्मा काढला. "नुसतं पुसलं असतं तर बरंचसं काढून दिलं असतं. पण वरून एवढं काय भरलंत?"

"सहलीचे फोटो."

"मग खाली आता काही नाही, साहेब."

घरी येऊन त्याने अण्णांसमोर, बहिणीसमोर सगळं कबूल केलं.

"दादा, कपाळ माझं!" बहीण किंचाळली. "एवढंसं काम होतं रे!" मग रडत रडत स्वतःचा फोन उपसू लागली. तासाभराने तिला एक सापडला, अण्णांनी वर्षापूर्वी धाडलेला बोलका निरोप. नऊ सेकंदांचा. जगात तेवढाच उरला होता. तिने तो लावला.

"अगं, तुझ्या भावाला सांग, न्हाणीघरातला नळ गळतोय. माझं ऐकत नाही. तुझं तरी ऐके…"

तिथेच तुटला. बायकोने पदर डोळ्यांना लावला. सावधान लहान मुलासारखा हुंदके देऊ लागला. पुन्हा लावला, पुन्हा रडले.

अण्णांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. मग वही ओढली, काहीतरी लिहिलं आणि त्याच्यापुढे धरली.

'अजून गळतोय.'