मुरलेला पोपट

आटपाडीत शाळामास्तर असताना दोन वर्षं मी अण्णा सणगरांच्या वहाणा घातल्या. माझ्याकडे नव्हत्या म्हणून नव्हे. अण्णांना नवी वस्तू सोसायची नाही. नवा जोड शिवून आला, की ते तो थेट शेजारी माझ्या खोलीत आणून ठेवायचे. "मास्तर, तुमचा-माझा पाय एका मापाचा. दोन म्हैनं मुरवून द्या."

मग मी कर्रकर्र वाजत शाळेत जायचो. मी दारात पोहोचायच्या आत वर्ग पाढे म्हणायला लागलेला असे. आवाज गेला, कातडं मऊ पडलं, की अण्णा जोड घेऊन जायचे आणि मांजराच्या पावलांनी गावभर हिंडायचे.

ही गोष्ट साठ-बासष्ट सालची. अण्णांचा धंदा घोंगड्यांचा. गिऱ्हाईक नवं घोंगडं उलगडायला लागलं, की हे सांगणार, "टोचंल बरं का लय. घरात जुनं आसंल तर तेच पांघरा. दोन पावसाळं काढल्याबिगर घोंगडं माणसात येत न्हाई." तरी माल खपायचा, कारण हा माणूस खोटं बोलत नाही हे सगळ्या पेठेला ठाऊक होतं. लोणचं असो, लाकूड असो की कुणाचा जावई, अण्णांचा प्रश्न एकच. "मुरलंय का?"

बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. त्या उन्हाळ्यात काय मनात आलं कोण जाणे, अण्णांनी पोपट पाळायचं ठरवलं. शेजारी कादरभाई मणेरांचं बांगड्यांचं दुकान. त्यांनीही लगेच उचल खाल्ली, "मग मी बी घेतो!" मला सुट्टी होती. तिघं मिळून म्हसवडच्या बाजाराला गेलो.

पोपटवाल्याकडे दोनच पोपट उरले होते. एक पिल्लू. मानेवर धड पिसं नाहीत, नुसती चोच वासून केकाटत होतं. दुसरा चांगला थोराड, गळ्याला कंठ, एक नख तुटलेलं, साऱ्या बाजाराकडे पाठ करून बसलेला.

"पिल्लू घ्या," पोपटवाला म्हणाला. "शिकवाल ते बोलंल. ह्यो एका म्हातारीचा. ती गेली तवाधरनं ह्यानं तोंड उघडलं न्हाई."

कादरभाईंनी पिल्लू उचललं. अण्णांनी पोपटवाल्याला बाजूला नेलं, बराच वेळ काहीबाही विचारलं आणि थोराड पोपट घेऊन आले.

"गड्या, मुका पोपट घेतलास?" कादरभाई म्हणाले.

"मुका न्हाई. मुरलेला हाय."

परतीच्या एस.टी.त दोघांची पैज लागली. अण्णांचा पोपट दसऱ्यापर्यंत बोलला, तर त्यांच्या वहाणा इथून पुढे कादरभाईंनी मुरवायच्या. नाही बोलला, तर अण्णांनी कोऱ्या करकरीत वहाणा घालून शिलंगणाला जायचं. अण्णांचा चेहरा उतरला, पण मागं हटतील ते अण्णा कसले!

कादरभाईंनी पिल्लाला भिजवलेली डाळ वाटून बोटानं भरवली. श्रावणात ते "बांगड्या भरा, वैनी!" म्हणायला लागलं आणि दुकानात बायकांची रीघ लागली. इकडे अण्णांचा पोपट पेरू खायचा, मिरच्या खायचा आणि भिंतीकडे तोंड करून बसायचा. अण्णा रोज संध्याकाळी त्याच्यासमोर मांडी घालून बसत. पण शिकवत मात्र एक अक्षर नसत.

"अण्णा, निदान रामराम तरी शिकवा," मी म्हणायचो.

"म्या कशाला शिकवू? त्येला येतंय की."

दसरा उजाडला. दुपारी कादरभाई नवा जोड घेऊन हजर. "घाल, गड्या." अण्णांनी एकदा पिंजऱ्याकडे पाहिलं. पोपटाची पाठच दिसली. मुकाट्यानं त्यांनी वहाणा चढवल्या.

अण्णा सणगर नव्या वहाणा घालून निघालेत म्हटल्यावर पेठ दारात लोटली. ते काट्यांवरून चालल्यासारखे चालत होते आणि प्रत्येक पाऊल कर्रकर्र वाजत होतं. शिलंगण झालं, सोनं लुटून झालं. दिवस बुडायला आम्ही परतलो. टाचेला फोड, हातात आपट्याची पानं, मागे निम्मी पेठ, असे अण्णा आपल्या घराच्या पायऱ्या चढले. कर्र. कर्र.

आतून म्हातारीचा आवाज आला.

"आलास व्हय रं? दमलास. जेवलास का?"

आम्ही एकमेकांकडे बघितलं. अण्णांच्या घरात कोण म्हातारी? एवढ्यात पुन्हा तेच. सोप्यात पोपट गजांना बिलगून उभा होता, तोंड दाराकडे.

"बोलला! आयला, बोलला!" कादरभाईंनी पैज हरल्याच्या आनंदात अण्णांना उचललंच. लोकांनी पिंजऱ्यावर सोनं उधळलं. "दे त्या वहाणा, मी मुरवतो," म्हणत कादरभाई खाली वाकले, तसे अण्णांनी पाय मागे घेतले.

"न्हाई. ह्या वाजू देत."

सगळे पांगल्यावर अण्णा मला म्हणाले, "म्हातारीचा ल्योक रानातनं आला की ती आसं इचारायची, आन ह्यो बी. पोपटवाल्यानं सांगितलं हुतं. पाच म्हैनं वाट बघितली, मास्तर. पर मी हा आसा गुपचूप येनार. कोन आलंय ते त्येला कळावं कसं?"

"मग पिल्लू आणून हेच शिकवायचं होतं की."

अण्णा टाच चोळत हसले. "मीच शिकवायचं आन मीच ऐकायचं? सा वरसं तेच चाललंय. मला दुसऱ्या कुनीतरी इचारायला पायजे हुतं."

शेजारी राहून दोन वर्षांत मी त्यांना एकदाही ते विचारलं नव्हतं.

संक्रांतीच्या सुमाराला त्या वहाणांचा आवाज गेला. त्याच दिवशी अण्णा जोड घेऊन माझ्या खोलीत आले. "मास्तर, ह्या तुमाला. झ्याक मुरल्यात. मी नव्या सांगितल्यात."

त्या संध्याकाळी मी खिडकीशी बसलो होतो. कर्रकर्र करत अण्णा पायऱ्या चढले. आतून विचारणा झाली, आणि सगळ्या पेठेला ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात अण्णांनी उत्तर दिलं, "आलो की! न्हाई अजून. आता टाकतो भाकरी, दोघं मिळून जेवू!"