रुतलेली पाचर

दवाखाना आटोपून दातांच्या डॉक्टरीणबाई घरी आल्या, तर पलंगावर बूड टेकायला जागा नव्हती. उद्याच्या चढाईसाठी नवऱ्याने घरातल्या झाडून सगळ्या धातूच्या पाचरी गादीवर मांडल्या होत्या. पुढे चढणाऱ्याने त्या कातळाच्या भेगांत बसवायच्या, त्यांच्या तारेच्या फासात दोर अडकवायचा आणि मागून येणाऱ्याने त्या काढत यायचं. मागून नेहमी बाईच येत.

"अरे, साधा ग्रॅनाइटचा उतार आहे तो. पोरंसोरं चढतात. पाच-सहा मधल्या मापाच्या घे की!"

"आणि भेग बारीक निघाली तर?"

"तर दोन बारीक घे."

"आणि रुंद निघाली तर?"

बाईंनी उशी उचलली आणि बाहेर सोफ्यावर जाऊन आडव्या झाल्या.

सकाळी नवरा कमरेला भांड्यांचं दुकान बांधल्यासारखा खणखणत निघाला. दर दोन पावलांना एक पाचर, कधी डावीकडे, कधी उजवीकडे. दोर असा नागमोडी झाला की ओढता ओढवेना.

"दोर सोड ना!" तो वरून ओरडला.

"सोडलाय! तूच ठिकठिकाणी बांधून ठेवलायस!"

निम्म्या वाटेवर तीनच पाचरी उरल्या. त्यांना स्वतःला बांधून घेऊन तो एका कट्ट्यावर बसला आणि बाईंना वर बोलावलं.

बाई एकेक उपटत निघाल्या. कट्ट्याच्या जरा खाली एक पाचर भेगेत खोल रुतलेली दिसली. तिच्यात दोर अडकवायलाही हा शहाणा विसरला होता! बाईंनी पाचरी उपसायच्या चपट्या हुकाने ढोसलं, हलवलं, खालून ठोकलं. पोटऱ्या लटपटायला लागल्या, बोटं सोलून निघाली.

"एक निघत नाहीये रे!"

"काढ, काढ! एकही सोडू नकोस! अक्कलदाढ समज!"

हे बाईंना असं झोंबलं, की पुढच्याच हिसक्याला पाचर हातात आली. घामाघूम होऊन त्या वर पोचल्या आणि त्यांनी ती त्याच्या मांडीवर आपटली.

नवऱ्याने ती उलटसुलट करून पाहिली. "ही आपली नाही."

"म्हणजे?"

"कुणाची तरी राहिलेली दिसतेय. तार गंजलीये बघ. पण माप झकास आहे! आपल्याकडे नेमकं हेच नव्हतं."

बाईंनी घाम पुसेपर्यंत त्याने ती शेजारच्या भेगेत सारली आणि नीट बसते का ते पाहायला दोन सणसणीत झटके दिले. मग तिसरा, उलट्या बाजूने. मग चौथा.

"अगं," तो हळूच म्हणाला, "तुझा तो हूक दे ना जरा."